दोन इंचांच्या चौकटीत

‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीतला आंधळा चाचा प्यू ज्या रात्री मरतो, त्या रात्रीचं एन. सी. वायथ यांनी काढलेलं चित्र जरूर शोधून बघा. न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स प्रकाशनाने १९११ साली काढलेल्या सचित्र आवृत्तीत ते आहे आणि आता इंटरनेटवरही सहज मिळतं. साथीदार प्यूला रस्त्यावर एकटा टाकून पळालेत. काठीने वाट चाचपत, एक हात पुढे पसरून, त्यांना हाका मारत तो चांदण्यात सैरावैरा फिरतोय. अंगावरचा खलाशी झगा फडफडतोय. मागे ती खाणावळ उभी आहे, जिच्यात थोड्या वेळापूर्वी खजिन्याच्या नकाशासाठी उलथापालथ चालली होती.

आता हेच चित्र मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढं करा. प्यूचा चेहरा नाहीसा होतो, बोटं जातात, झग्याच्या चुण्या जातात. भीती मात्र जात नाही. फिकट रस्त्यावर झेपावणारा एक गडद आकार, त्याच्या जवळपास आधाराला दुसरं कुणी नाही, एवढं त्या नखाएवढ्या तुकड्यातही कळतं. चित्र लहान केल्यावर जे टिकतं, ती त्याची रचना. त्यातला रंग काढून टाकल्यावर जे टिकतं, ती त्याची छटांची मांडणी. कलाशाळेतली मुलं तिला टोन किंवा व्हॅल्यू म्हणतात. कोणती जागा किती उजळ, कोणती किती गडद, आणि कोणाच्या शेजारी काय, एवढाच तिचा विषय. पण चित्राचा निम्मा जीव त्यात असतो.

चित्रकला शिकणाऱ्या बहुतेक मुलांचा वेळ या दोन गोष्टींवर जात नाही. तो जातो हात, नाक, डोळे बरोबर काढण्यात आणि शेडिंग गुळगुळीत करण्यात. मग पूर्ण आकाराच्या कागदावर आठवडाभर खपून काढलेलं चित्र चार फुटांवरून बघितलं तर सगळीकडे सारखं राखाडी दिसतं, आणि नेमकं काय चुकलं ते कुणाला सांगता येत नाही. माझं म्हणणं असं, की ती चूक आठवडाभरात झालेली नसते. ती पहिल्या पाच मिनिटांत झालेली असते, आणि दुरुस्तही तिथेच करायला शिकावं लागतं. म्हणजे दोन इंचांच्या चौकटीत, आणि तेही दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांसमोर.

सोमवारची संध्याकाळ

वायथ ऑक्टोबर १९०२मध्ये अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन गावी पोहोचले तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. पुढच्या फेब्रुवारीत, २१ तारखेच्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’च्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र छापून आलं: उधळलेला घोडा आणि त्याच्यावर मांड ठोकून बसलेला काउबॉय. विल्मिंग्टनला ते गेले होते हॉवर्ड पाइल यांच्याकडे शिकायला.

पाइल यांचा जन्म त्याच गावचा, १८५३चा. १८८३मध्ये त्यांनी स्वतः लिहिलेलं आणि स्वतःच चितारलेलं ‘रॉबिन हूड’ आलं आणि पुस्तकचित्रांची इयत्ताच बदलली. डोक्याला रुमाल, कमरेला रंगीत पट्टा, अशी समुद्री चाच्याची जी छबी आज सिनेमामुळे जगभर पाठ झाली आहे, ती घडवण्यात पाइल यांचा फार मोठा वाटा आहे. १८९४मध्ये ते फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत बोधचित्रण शिकवू लागले. पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रं काढणं हा वेगळा, अभ्यासाने शिकवण्याजोगा विषय आहे, हे तेव्हा फारसं कुणी मानत नव्हतं. जेसी विलकॉक्स स्मिथ, व्हायोलेट ओक्ली, मॅक्सफील्ड पॅरिश ही पुढे गाजलेली नावं त्या वर्गातली. १८९८ आणि १८९९च्या उन्हाळ्यात निवडक विद्यार्थ्यांना घेऊन ते ब्रँडीवाइन नदीकाठच्या चॅड्स फोर्ड या खेड्यातल्या एका जुन्या गिरणीत शिकवायला गेले. १९००मध्ये ड्रेक्सेल सोडून त्यांनी विल्मिंग्टनला स्वतःची शाळा काढली. विद्यार्थी मोजकेच घेतले आणि शिकवण्याची फी एका पैशाचीही घेतली नाही.

या शाळेचं काळीज म्हणजे सोमवारचा संध्याकाळचा वर्ग. प्रत्येकाने आठवड्यात आपल्या मनाने एक प्रसंग निवडायचा आणि तो चारकोलने मांडून आणायचा. समोर मॉडेल नाही, संदर्भाचा फोटो नाही. चित्रं एका रांगेत लावली जायची. पाइल समोर बसून बराच वेळ नुसते बघत, मग एकेका चित्राबद्दल बोलत. बोलण्याचा रोख हाताचं प्रमाण चुकलं, घोड्याचा पाय आखूड झाला, यावर क्वचितच असे. तुला काय सांगायचं होतं, ते या चित्रात कुठे आहे, आणि त्याच्या आड काय येतंय, हा त्यांचा रोख. १९०४च्या वर्गांत एथेल पेनविल ब्राउन आणि ऑलिव्ह रश या दोन विद्यार्थिनींनी त्यांचं बोलणं टिपून ठेवलं, म्हणून ते आज आपल्यापर्यंत आलं आहे.

पाइल यांच्या शिकवण्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे चित्र बाहेरून रचू नका, त्यात शिरा. वादळ काढायचं तर तो वारा आधी आपल्या तोंडावर आला पाहिजे. दुसरी सावलीबद्दलची. वस्तूचा रंग आणि पोत दिसतो तो प्रकाशामुळे. सावलीत दोन्ही मावळतात. म्हणून सावलीचा भाग मोकळा, शांत ठेवायचा, त्यात तपशील कोंबायचे नाहीत. ऐकायला हे सोपं वाटतं. पण कुठल्याही नवशिक्याच्या चित्रातली सावली बघा. तिथे बटणं असतात, विटा असतात, पानं असतात, कारण ती तिथे आहेत हे त्याला माहीत असतं.

पाइल यांचं १९०९चं ‘मरून्ड’ हे तैलचित्र डेलावेअर कला संग्रहालयात आहे. साथीदारांनी निर्जन बेटावर सोडून दिलेला एक चाचा मान खाली घालून वाळूत बसलाय. तो चित्रात अगदी छोटा आहे. बाकी सगळी वाळू आणि वर प्रचंड पिवळं आभाळ. चेहरा दिसत नाही, आणि दिसायची गरजही पडत नाही. माणूस किती लहान काढायचा, हा निर्णय त्या चित्रातला सगळ्यात मोठा निर्णय आहे, आणि तो ब्रशचा पहिला फटकारा मारण्याआधी घ्यावा लागतो.

छटांचा एवढा आग्रह या लोकांकडे आला त्यामागे छपाईही आहे. १८९०च्या दशकात अमेरिकी मासिकांत राखाडी छटा बारीक ठिपक्यांनी छापणारा हाफटोन ब्लॉक रुळला, पण छापायची शाई बहुतेक वेळा एकच, काळी. रंगीत चित्र दिलं तरी पानावर उतरणार काळं-पांढरंच. म्हणून पाइल यांनी कित्येक चित्रं तेलरंगात, पण फक्त काळ्या-पांढऱ्यातच रंगवली. लाल कोट निळ्या समुद्रावर उठून दिसेल असा भरवसा ठेवायची सोयच नव्हती. या अडचणीने त्यांना जे शिकवलं ते पुढे रंगीत छपाई आल्यावरही त्यांच्या हातात राहिलं. आंधळ्या प्यूचं चित्र रंगीतच आहे, पण ते काळ्या-पांढऱ्यातून आलेलं आहे.

मराठीतही हा धडा छापखान्यानेच दिला. आपल्या मासिकांत आणि दिवाळी अंकांत कथांबरोबरची चित्रं वर्षानुवर्षं लाइन ब्लॉकवर छापली गेली. लाइन ब्लॉकला राखाडी ठाऊकच नाही. शाई लागते किंवा लागत नाही. राखाडीचा भास हवा तर रेघांची जाळी विणा, ठिपके द्या, किंवा कोरड्या ब्रशने कागदाच्या खरबरीतपणाचा फायदा घ्या. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांची कथाचित्रं या नजरेने बघण्यासारखी आहेत. मुखपृष्ठांवरचे त्यांचे रंग सगळ्यांना आठवतात. आतल्या पानांवर मात्र मुठीएवढ्या जागेत काळ्याचा एक सलग आकार टाकून, बाकी कागद कोरा ठेवून, ते प्रसंग उभा करतात. ग्रंथालयातले जुने दिवाळी अंक चाळायला मिळाले तर अशी चित्रं घेऊन त्यांतले काळे आकार तेवढे छोट्या चौकटीत उतरवून काढा. रेघा नकोत, चेहरे नकोत. काळं कुठे जोडलेलं आहे, कुठे तुटलंय, एवढंच. एका अंकातून मिळणारा हा अभ्यास पुष्कळ दिवस पुरतो.

डोळ्याची समजूत

छटा बघणं अवघड का जातं? डोळ्यामागचा मेंदू फार समजूतदार आहे म्हणून. सावलीत वाळत असलेला पांढरा सदरा प्रत्यक्षात उन्हातल्या राखाडी भिंतीपेक्षा गडद असू शकतो. पण मेंदू सावलीची वजाबाकी करून आपल्याला ‘सदरा पांढरा आहे’ असंच कळवतो. रोजच्या जगण्यात ही मदतच आहे. चित्र काढताना ती आड येते.

एमआयटीचे एडवर्ड एडलसन यांनी १९९५मध्ये बुद्धिबळाच्या पटाचं एक चित्र तयार केलं. पटावर एक नळकांडं आणि त्याची पटावर पडलेली सावली. सावलीबाहेरचा एक काळा चौकोन आणि सावलीतला एक पांढरा चौकोन यांची राखाडी छटा तंतोतंत एक आहे. दोन्ही चौकोनांना जोडणारी त्याच छटेची पट्टी आखली तरच ते पटतं, आणि पट्टी काढली की पुन्हा एक काळा, एक पांढरा दिसू लागतो. मी कितीही वेळा हे चित्र बघितलं तरी डोळा ऐकत नाही. म्हणजे ज्ञानाने हा प्रश्न सुटत नाही. डोळ्याला सवयच लावावी लागते.

जुना आणि अजूनही सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे डोळे किलकिले करून बघणं. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारकावे विरघळतात, जवळजवळच्या छटा एकमेकींत मिसळतात आणि उरतात तीन-चार मोठे आकार. ते तेवढे काढायचे. अठराव्या शतकात युरोपातले हौशी चित्रकार काळपट काचेचा छोटा बहिर्वक्र आरसा जवळ बाळगत आणि देखाव्याकडे पाठ करून त्यातलं प्रतिबिंब बघत. त्यामागेही हाच हेतू होता. आज मोबाइलवर फोटो काळा-पांढरा करून बघता येतो. पण आधी आपण अंदाज करावा आणि मग ताडून बघावं. उलट केलं तर डोळ्याला काहीच कष्ट पडत नाहीत आणि तो काही शिकत नाही.

रंग फसवतात ते इथेच. दारावरच्या तोरणात पिवळा झेंडू आंब्याच्या पानांपेक्षा कितीतरी उजळ असतो. रंग काढून घेतला तरी तो दिसेल. पण झाडावरची लाल जास्वंद घ्या. हिरव्या पानांत ती लांबूनही डोळ्यात भरते, आणि त्याच झाडाच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत ती शोधावी लागते. तिचा लाल आणि पानांचा हिरवा छटेने जवळजवळ सारखे असतात. ज्या चित्राचा सगळा भार अशा लाल-हिरव्यावर आहे, ते खोलीत दिवे मंद झाले की विझतं.

अमेरिकेतच, पाइल यांच्या काळातच, आर्थर वेस्ली डाऊ यांनी हा अभ्यास वेगळ्या वाटेने आणला. बॉस्टनच्या कला संग्रहालयात अर्नेस्ट फेनोलोसा यांच्याबरोबर जपानी चित्रांचा अभ्यास करताना त्यांना जाणवलं, की आपल्याकडची शाळा निसर्गाची नक्कल आधी शिकवते आणि मांडणी नंतर, तीही शिकवली तर. १८९९च्या ‘कॉम्पोझिशन’ या पुस्तकात त्यांनी क्रम उलटा केला: आधी रेषा, मग गडद-उजळाची मांडणी, मग रंग. या मधल्या पायरीला त्यांनी नोतान हा जपानी शब्द वापरला. त्यांचा एक स्वाध्याय इतका साधा आहे की त्याची ताकद पटकन लक्षात येत नाही. एकच रेखाचित्र घ्यायचं, त्याच्या चार-पाच नकला करायच्या, आणि प्रत्येक नकलेत फक्त दोन छटा, काळी आणि पांढरी, वेगवेगळ्या जागी भरायच्या. झाडं काळी, आभाळ पांढरं. मग आभाळ काळं, झाडं पांढरी. मग नदी आणि झाडं काळी, घर पांढरं. रेघ एकही बदलत नाही, आणि तरी एकात दुपार होते, एकात रात्र, एकात पूर. दोन छटा जमल्या की तीन घ्यायच्या. डाऊ पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात शिकवू लागले. तिथे त्यांच्याकडे शिकलेली जॉर्जिया ओकीफ पुढे अमेरिकेच्या अग्रगण्य चित्रकारांत गणली गेली. तिच्या चित्रांत जागा भरण्याची जी हुकमत दिसते, तिचं मूळ डाऊंच्या या शिकवणीत आहे.

एक ओळ, सहा चौकटी

आता प्रत्यक्ष करून बघू. एक कागद घ्या. त्यावर दोन इंच रुंदीच्या सहा चौकटी आखा. हातात एक जाड काळा मार्कर आणि एक राखाडी घ्या. ते नसतील तर ६बी पेन्सिल चालेल, किंवा चारकोलचा तुकडा. टोक केलेली एचबी मात्र दूर ठेवा. ती हातात आली की पापण्या काढायचा मोह होतो. कोरा कागद, राखाडी आणि काळा, एवढ्या तीनच छटा. एका चौकटीला चार-पाच मिनिटांहून जास्त वेळ द्यायचा नाही.

चितारायला एखाद्या गोष्टीतली ओळ हवी. समजा, ओळ अशी आहे: शेवटची गाडी निघून गेली तरी बापू फलाटावरच उभा होता.

पहिल्या चौकटीत बहुतेक जण हे काढतात: मधोमध बापू, डावीकडे एसटी, उजवीकडे विजेचा खांब, वर गावाच्या नावाची पाटी, आणि घड्याळ. सगळं आहे, आणि ओळीतलं काहीच नाही. गाडी निघून गेली आहे, मग ती चित्रात कशाला? ओळीत जे उरलंय ते रिकामेपण आहे. ते काढायचं तर रिकामी जागाच मोठी करावी लागेल. म्हणून दुसऱ्या चौकटीत बापूला लहान करून खाली एका बाजूला सरकवा आणि फलाट लांबच लांब जाऊ द्या. घड्याळ आणि पाटी पुसून टाका. तिसऱ्या चौकटीत नजर उंचावर न्या, स्टँडच्या पत्र्यावरून खाली बघितल्यासारखी. चौथ्यात ती जमिनीलगत आणा. बापूच्या पायाशी ठेवलेली पिशवी पुढे मोठी दिसेल आणि गाडीच्या चाकांचे ओले पट्टे लांब जाताना दिसतील. ही चौथी चौकट मला आवडते. गाडी न काढता ती निघून गेल्याचं कळतं.

रचना पकडली की तीच ठेवून छटा बदला. पाचव्या चौकटीत बहुतेक सगळं काळं, फक्त कॅन्टीनच्या ट्यूबलाइटचा एक उजळ चौकोन, आणि बापू त्या चौकोनाच्या पुढे काळ्या आकृतीसारखा. सहाव्यात उलट: सभोवार अंधारच, पण बापूवर उजेड, त्याचा सदरा कोऱ्या कागदाचा. दोन्हींत काळं जास्त आहे, उजेडाची जागा थोडी आहे, बापू तेवढाच आहे. पण पाचव्यातला बापू काहीतरी मनात धरून उभा आहे असं वाटतं. सहाव्यातला उघड्यावर पडलाय, त्याला लपायला जागा नाही. गोष्टीतला बापू कोणता आहे, हे आता लेखकाची पुढची पानं वाचून ठरवायचं. बोधचित्रकाराचं काम वाचनापासून सुरू होतं ते असं.

तीन छटा वापरताना त्यांची वाटणी समान करू नका. एक छटा भरपूर, दुसरी बेताची, तिसरी चिमूटभर, असं ठेवलं की चिमूटभर असलेल्या छटेकडे नजर आपोआप जाते. सगळ्यांत गडद आणि सगळ्यांत उजळ जिथे एकमेकांना भिडतात तिथेच बघणारा आधी पोहोचतो. म्हणून ती भेट गोष्टीच्या नेमक्या जागी घडवून आणायची, आणि इतरत्र टाळायची. काळे आकार शक्य तिथे एकमेकांना जोडा: बापूची सावली पिशवीला, पिशवी बाकाच्या अंधाराला. सुटे काळे ठिपके चित्रभर विखुरले की नजर ठेचकाळत राहते.

दुसऱ्याचे डोळे

सहा चौकटी झाल्या तरी हा अभ्यास अर्धाच झालाय. बापू पिशवी घेऊन घरातून पळून आलाय की कुणाची वाट बघतोय, हे तुम्हाला आधीपासून माहीत आहे. त्यामुळे चित्रात ते दिसतंय की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. ते दुसऱ्यालाच विचारावं लागतं.

विचारायचं कसं, हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. ‘कसं झालंय?’ असं विचारलं तर समोरचा ‘छान’ म्हणतो, कारण तो चांगला माणूस असतो. त्याऐवजी विचारा: पहिल्यांदा कुठे बघितलंस? मग नजर कुठे गेली? इथे काय चाललंय असं वाटतं? आणि उत्तर येईपर्यंत एक शब्दही बोलू नका. ‘नाही, ते खरं म्हणजे...’ असं सुरू केलंत की अभिप्राय संपला. छापलेल्या चित्रासोबत चित्रकार पानापानावर उभा राहून खुलासे करत नसतो. जे उत्तर येईल ते चौकटीच्या बाजूला लिहून ठेवा. हे सांगायला चित्रकलेची जाण लागत नाही. आजी, शेजारची मुलगी, दुकानदार, कुणीही चालेल. उलट शिकलेले लोक कधी कधी बघण्याआधीच तंत्राबद्दल बोलू लागतात.

दुरुस्ती सुचवण्याचंही एक तंत्र आहे. १९४८ साली अल्बर्ट डॉर्न यांनी नॉर्मन रॉकवेल आणि इतर नामवंत चित्रकारांना बरोबर घेऊन कनेक्टिकट राज्यातल्या वेस्टपोर्टला टपालाने चित्रकला शिकवणारी फेमस आर्टिस्ट्स स्कूल ही संस्था काढली. विद्यार्थी घरून स्वाध्याय पाठवत. शिक्षक त्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्याच्यावर दुरुस्ती रेखाटत आणि सोबत पत्र लिहून कारण सांगत. मूळ चित्राला हात लागत नसे. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. विद्यार्थी कागद उचलून खाली आपलं चित्र बघतो, पुन्हा टाकून शिक्षकाचं बघतो. फरक डोळ्यांना दिसतो, नुसता कानांना ऐकू येत नाही, आणि चित्र त्याचंच राहतं. ‘पीनट्स’ या चित्रपट्टीचे चार्ल्स शुल्झही अशाच एका टपालशाळेत, मिनिआपोलिसच्या, शिकले होते. दुसऱ्या महायुद्धातून परतल्यावर ते तिथेच इतरांचे स्वाध्याय तपासायला लागले. दुसऱ्याचं चित्र नीट बघायला लागणं हे स्वतःचं चित्र सुधारण्याचं फार मोठं साधन आहे. सोमवारच्या वर्गातही पाइल एका चित्राबद्दल बोलत तेव्हा बाकी सगळे ऐकत असत, आणि शिकत असत.

महाराष्ट्रातल्या मुलांच्या किती पिढ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांमधून गेल्या. स्मरणचित्राच्या विषयांत बाजार, बसथांबा, पावसातली मुलं असायची. म्हणजे वर सांगितलेला अभ्यास आपल्या शाळांत रुजायला जमीन तयारच आहे. उणीव आहे ती अभिप्रायाची. परीक्षेतून श्रेणी मिळते. ‘अ’ मिळाली तर आनंद होतो, ‘क’ मिळाली तर मूल खट्टू होतं. पण बघणाऱ्याची नजर त्याच्या चित्रात कुठे गेली, कुठे अडली, हे त्याला कुणी सांगत नाही. परीक्षेकडून ती अपेक्षाही नाही. ते काम वर्गाचं आहे, आणि तयारीच्या घाईत ते राहून जातं. रंगपेटी उघडण्याआधी अर्धा तास छोट्या चौकटींना दिला आणि त्या फळ्यावर लावून मुलांनाच एकमेकांची चित्रं वाचायला लावली, तर मोठ्या कागदावरचे वाया जाणारे कित्येक तास वाचतात.

वायथ यांना ‘ट्रेझर आयलंड’च्या चित्रांचं जे मानधन मिळालं त्यातून त्यांनी चॅड्स फोर्डला जमीन घेतली आणि तिथेच ते आयुष्यभर राहिले. त्यांचा मुलगा अँड्र्यू तिथेच बापाच्या हाताखाली शिकला आणि विसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या थोर चित्रकारांपैकी एक झाला. पाइल मात्र १९११मध्येच फ्लॉरेन्सला वारले. पुढच्या वर्षी विल्मिंग्टनच्या लोकांनी त्यांची चित्रं गावाबाहेर जाऊ नयेत म्हणून एक संस्था स्थापन केली. आजचं डेलावेअर कला संग्रहालय त्या संस्थेतून वाढलं.

कलाशिक्षकांना माझी एक विनंती आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा. तालुक्याच्या गावी असाल तरी चालेल, शाळेचा एक वर्ग मिळाला तरी पुरे. पाच-सहा मुलं जमवा, एक ओळ द्या, पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने सहा चौकटी आणायच्या. त्या भिंतीला लावा, आणि पहिली दहा मिनिटं तुम्हीसुद्धा काही बोलू नका. मुलांना एकमेकांना सांगू द्या, की त्यांची नजर आधी कुठे गेली.